‘रिंग ट्रू’ कुठून आलं, आणि रुपया वाजवून खरं-खोटं कळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साहेब एका पुरवठादाराच्या खुलाशाबद्दल ‘इट डझन्ट रिंग ट्रू’, म्हणजे ‘हे खरं वाटत नाही’, असं म्हणाले. तुम्ही अर्थ शोधलात, तर कुणी तो चर्चच्या घंटेशी जोडलेला, कुणी नाण्याशी. मग उत्सुकतेपोटी आजीच्या डबीतले चांदीचे पाच रुपये वाजवून पाहिलेत. तिघांचा आवाज सारखा आला, १९४४चा वेगळाच वाजला आणि कडी लावलेला १९१८चा अगदी बद्द वाजला. आता वाक्प्रचाराचं मूळ हवंय, आणि आजीला कुणी फसवलं होतं का, हेही हवंय.

आधी उत्तर सांगून टाकतो. वाक्प्रचार नाण्याच्या आवाजावरून आलाय. आणि दोन्ही रुपये बहुधा खरे आहेत. ‘बहुधा’ एवढ्यासाठी की नुसत्या आवाजावर कुठल्याच नाण्याचा निवाडा करता येत नाही. तुमच्या साहेबांच्या वाक्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही यातच आहेत.

‘रिंग’ हे इंग्रजी क्रियापद खूप जुनं. घंटेला लागतं, तसं ठोकल्यावर नादणाऱ्या कुठल्याही धातूलाही लागतं. त्यामुळे घंटेचं नाव पुढे येणं स्वाभाविक आहे. पण घंटा खरी की खोटी, हा प्रश्न रोज कुणाला पडतो? नाण्याच्या बाबतीत तो दर व्यवहाराला पडायचा. शिशाचं किंवा कथलाचं नाणं ओतून वर चांदीचा मुलामा देणं सोपं होतं, आणि डोळ्यांना ते फसवायचंही. म्हणून दुकानदार नाणं गल्ल्याच्या फळीवर आपटून कान द्यायचा. स्वच्छ वाजलं तर घेतलं, बद्द वाजलं तर परत. सापडलेलं खोटं नाणं फळीवर खिळ्याने ठोकून ठेवायचीही रीत होती, म्हणजे पुढच्याने शहाणं व्हावं. एखादी थाप चव्हाट्यावर आणणं या अर्थाने ‘नेल टू द काउंटर’ हा इंग्रजी वाक्प्रचार त्यावरूनच आला.

या भाषेचा एक जुना, पक्का पुरावा शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’मध्ये, दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात आहे. स्त्रीभूमिका करणारा पोरगा आता वयात आलाय. त्याला हॅम्लेट म्हणतो की तुझा आवाज चलनातून बाद झालेल्या सोन्याच्या नाण्यासारखा ‘रिंगच्या आत’ फुटलेला नसला म्हणजे मिळवली. तेव्हाच्या नाण्यावर राजाच्या मुखवट्याभोवती एक वर्तुळ असे. काठावरची चीर त्या वर्तुळाच्या आत गेली की नाणं चालत नसे. ‘रिंग’ म्हणजे ते वर्तुळ आणि ‘रिंग’ म्हणजे नादही, असा हा श्लेष आहे. प्रेक्षकांना तो लगेच कळत असणार, कारण चिरलेलं नाणं वाजत नाही हे त्यांच्या रोजच्या व्यवहारातलं होतं.

याच कुळातले वाटणारे बाकीचे शब्दप्रयोग मात्र एका टोपलीत टाकू नका. ‘रिंग अ बेल’, म्हणजे काहीतरी आठवल्यासारखं वाटणं, हे घंटेचंच. ‘रिंग होलो’, म्हणजे बोलणं पोकळ वाटणं, यात पोकळपणाचा आवाज आहे, तो भांड्याचाही असू शकतो. ‘डेड रिंगर’, म्हणजे हुबेहूब दुसऱ्यासारखा दिसणारा, याचा नाण्याशी संबंध नाही, आणि जिवंत पुरलेल्या माणसाच्या थडग्यावर टांगलेल्या घंटेशी तर नाहीच नाही. ती गोष्ट बिनबुडाची आहे. शर्यतीत एका घोड्याच्या नावावर दुसराच पळवला तर त्या बदली घोड्याला ‘रिंगर’ म्हणत, तिथून तो शब्द आला. ‘रिंगिंग द चेंजेस’ हे मुळात चर्चमधल्या घंटा वेगवेगळ्या क्रमाने वाजवणं. पण चोरांच्या बोलीत त्याला दुसरा अर्थ चिकटला: सुटे पैसे देता-घेताना हातचलाखीने खोटं नाणं सरकवणं. आणि ‘साउंड मनी’, म्हणजे भरवशाचं चलन! यातल्या ‘साउंड’चा आवाजाशी काही संबंध नाही. तो ‘निरोगी, धडधाकट’ या अर्थाचा जर्मानिक शब्द आहे, जर्मनमधल्या ‘गेझुंट’चा भाऊ. आवाज या अर्थाचा ‘साउंड’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. दोन्ही इंग्रजीत येऊन सारखे दिसू लागले, इतकंच. खणखणीत वाजतं म्हणून ‘साउंड मनी’, ही व्युत्पत्ती पुष्कळ ठिकाणी छापलेली दिसेल. ती सोडून द्या.

वापराविषयी थोडं. ‘रिंग ट्रू’ बहुतेकदा नकारातच भेटतो. तो वापरणारा ‘हे खोटं आहे’ असं म्हणत नसतो. ऐकताना कुठेतरी खोट लागली, पुरावा हातात नाही, पण मन घेत नाही, एवढंच तो सांगतो. म्हणजे तुमच्या साहेबांनी पुरवठादाराला खोटारडा ठरवलेलं नाही. कागद तपासा, असं सुचवलंय. इमेलमध्ये हा वाक्प्रचार वापरून पुढे थेट आरोप केलात तर दोन्ही बाजू हास्यास्पद होतात.

मराठी माणसाला हे सगळं ओळखीचं वाटावं, कारण आपल्याकडे हीच सवय भाषेत मुरलेली आहे. खणखणीत नाणं, बंदा रुपया, वाजवून घेणं, बद्द वाजणं. पेशवाईत चांदवडी, अंकुशी, हाळी सिक्का असे कितीतरी रुपये एकाच वेळी बाजारात होते. प्रत्येकाचा कस वेगळा, म्हणून एकाच्या बदल्यात दुसरा घेताना काही टक्के कापून घेत. तो कापलेला भाग म्हणजे बट्टा. ‘नावाला बट्टा लागला’ हे तिथूनच. सरकारात भरणा होणारी नाणी पारखायला पोतदार असे. ते आडनाव अजून आहे, काम गेलं. सराफाचं तर इंग्रजीत ‘श्रॉफ’ झालं आणि व्यापाराबरोबर चीनच्या किनाऱ्यापर्यंत गेलं. हाँगकाँगच्या वाहनतळांवर पैसे भरायच्या खिडकीवर आजही ‘श्रॉफ’ अशी पाटी असते.

आता तुमच्या रुपयांकडे येऊ. धातू का वाजतो, हे समजलं की पुढचं सगळं आपोआप लागतं.

नाणं ही एक चकती. काठावर टिचकी मारली की ती क्षणभर वाकते आणि थरथरते. चांदी आणि तांब्याच्या मिश्रधातूत ही थरथर लवकर जिरत नाही, म्हणून आवाज एक-दीड सेकंद लांबतो. शिसं आणि कथील मऊ, त्यांत ती तिथल्या तिथे जिरते, म्हणून नुसतं ‘ठप्’. स्वर किती चढा हे तीन गोष्टींवर ठरतं. जाडी वाढली की स्वर चढतो. व्यास वाढला की उतरतो, आणि तोही वर्गाच्या प्रमाणात. शिवाय धातू जितका ताठ आणि हलका, तितका स्वर वर. ब्रिटिश अमदानीतल्या नेहमीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. व्यास साधारण ३०.५ मिलीमीटर, चांदी बारापैकी अकरा भाग, म्हणजे ९१.७ टक्के. हे आकडे चकतीच्या सूत्रात घातले की मुख्य स्वर ५,००० हर्ट्झच्या आसपास येतो. मोबाइलवर आवाजाचा आलेख दाखवणारं कुठलंही अॅप तो टिपतं.

वाजवायची पद्धत मात्र नीट पाळा. फरशीवर किंवा संगमरवरावर नाणं टाकू नका. काठाला पडलेली खोक जन्मभर राहते आणि संग्राहकाकडे किंमत पडते. तर्जनीचं टोक वर करून त्यावर नाणं बरोबर मध्यावर तोला. मध्य धरायचं कारण असं की मुख्य थरथरीत तो बिंदू हलतच नाही, त्यामुळे बोटाने आवाज दबत नाही. मग पेन्सिलीच्या लाकडी टोकाने काठावर हलकी टिचकी मारा. पंखा बंद ठेवा. बरेच जण नाणं काठावर चिमटीत धरून वाजवतात आणि ‘बद्द आहे हो’ म्हणतात. काठच तर हलणार असतो, तोच धरल्यावर वाजणार काय! शिवाय एकटं नाणं वाजवून निष्कर्ष काढू नये. त्याच प्रकारचं खात्रीचं नाणं शेजारी ठेवून आलटून पालटून ऐकावं.

तुमचा १९४४चा रुपया इथे सुटतो. १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आणली. उरलेल्यात ४० टक्के तांबं आणि निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के. वजन आणि व्यास तेच राहिले, पण धातू हलका झाल्यामुळे नाणं जरा जाड आलं, आणि ताठही. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने होतो: स्वर चढा आणि जरा पातळ. इतर रुपयांच्या मानाने हा उंच वाजत असेल तर तो अगदी जसा वाजायला हवा तसाच वाजतोय. बद्द वाजत असेल तर मात्र पुढची तपासणी करा. या काळातल्या रुपयांना नकलेपासून बचावासाठी वेगळ्या धाटणीची सुरक्षा-कड दिली होती. भिंगाखाली ती सलग आणि एकसारखी दिसायला हवी. १९४७चा रुपया तर निव्वळ निकेलचा, मागे वाघ असलेला. तो लोहचुंबकाला चिकटतो आणि तरीही शंभर टक्के खरा असतो.

१९१८च्या रुपयाचं कारण त्याची कडी. गळ्यात घालायला किंवा माळेत ओवायला डाग देऊन (झाळून) कडी बसवली की काठाच्या एका जागी धातूचा गोळा चिकटतो आणि चकतीचा समतोल जातो. डाग सैल असेल तर तिथेच घर्षण होऊन आवाज मरतो. भोक पाडलेल्या, वाकलेल्या किंवा मागे लाख भरलेल्या नाण्यांचंही हेच. जुन्या नाण्याच्या पोटात बारीक चीर असली तरी ते खरं असून बद्द वाजतं. शेक्सपियरने सांगितलं तेच.

अजून एक वर्ग असा, जिथे ही परीक्षा लागूच पडत नाही. पेशवाईतले रुपये वजनाला जवळपास तेवढेच, पण व्यास बरेचदा २० ते २४ मिलीमीटर आणि अंग जाड. सूत्राप्रमाणे त्यांचा मुख्य स्वर तुमच्या रुपयाच्या अडीचपट किंवा त्याहूनही जास्त चढतो, आणि तेवढा चढा स्वर उतारवयातल्या कानांना नीट पोचतही नाही. तांब्याच्या जाड शिवराईला वाजवून तर काहीच हाती लागत नाही. अशी नाणी अक्षरं, ठसा आणि काठ पाहूनच ओळखावी लागतात.

आता उलट बाजू: खोटं नाणं खणखणीत वाजू शकतं का? खुशाल. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो, तांबं, निकेल आणि जस्त असतं. ते झकास वाजतं, फक्त स्वर बराच चढा. तुलनेला खरं नाणं नसेल तर कान फसतो. पण ते हलकं असतं. त्याच मापाचा रुपया केला तर वजन ९.८ ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि वजन जुळवायचं तर जाडी जवळजवळ पाचव्या हिश्श्याने वाढवावी लागते. याच्या नेमकं उलट शिसं-कथलाचं. दोन्ही ठरावीक प्रमाणात मिसळली तर घनता चांदीइतकी आणता येते, काटा फसतो, पण आवाज मरतो. म्हणून काटा आणि कान दोन्ही लागतात. एकाची चूक दुसरा पकडतो.

दोघांनाही गुंगारा देणारा प्रकार म्हणजे खऱ्या चांदीचं खोटं नाणं. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळीत लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंद केलं, म्हणजे रुपयाची चलनी किंमत त्यातल्या चांदीपेक्षा वर राहील. त्याचा सरळ परिणाम असा की पूर्ण कसाची चांदी वापरून बनावट रुपया पाडला तरी पाडणाऱ्याला फायदा उरू लागला. असा रुपया वजनाला बरोबर, आवाजाला बरोबर, तरीही सरकारी नाही. आजचा याचा अवतार संग्राहकांच्या बाजारात आहे. १९३९चा जुन्या कसाचा रुपया दुर्मिळ, म्हणून १९३८च्या खऱ्या रुपयावरचा ८ कोरून ९ केलेला असतो. नाणं खरं, धातू खरा, आवाज खरा, खोटा फक्त एक आकडा. तिथे दहापट मोठं करणारं भिंग घेऊन त्या आकड्याभोवतीची पार्श्वभूमी खरवडलेली आहे का, एवढंच पाहायचं असतं. साहेबांच्या वाक्यालाही हे लागू आहे. बहुतेक खरे तपशील ठेवून एकच आकडा बदललेला खुलासा कानाला अगदी ‘ट्रू’ वाजतो.

घरी करण्यासारखी पुढची तपासणी म्हणजे पाण्यातलं वजन. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा पुरतो.

नाणं आधी कोरडं तोला. दीर्घ काळ फिरलेला रुपया झिजून ११.४ किंवा ११.५ भरला तर घाबरू नका. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पूर्ण बुडेल असं पाण्यात लोंबतं धरा. तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये. काटा जो आकडा दाखवेल तेवढ्या वजनाचं पाणी नाण्याने बाजूला सारलं. कोरड्या वजनाला त्याने भागा. ९१.७ टक्के चांदीच्या पूर्ण वजनाच्या रुपयाला काटा १.१३ दाखवतो आणि भागाकार १०.३ येतो. तुमच्या १९४४च्या रुपयाला १.२२च्या आसपास, म्हणजे भागाकार ९.५. तितक्याच वजनाच्या जर्मन सिल्व्हरला १.३४, म्हणजे ८.७. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. एवढ्याशा नाण्यात ०.०१ ग्रॅमची चूकसुद्धा भागाकार ०.१ने हलवते, तेव्हा तीनदा मोजून मधला आकडा धरा. कडीवाल्या रुपयात कडीचा धातू मिसळतो, त्यामुळे तिथे भागाकार थोडा खाली आला तरी चालेल.

पेढीवर नेणार असाल तर आधीच बजावून सांगा: कानस लावायची नाही, आम्ल टाकायचं नाही. ‘अॅसिड टेस्ट’ हा इंग्रजीतला याच घराण्यातला शब्द. ती परीक्षा खात्रीची आहे, पण नाण्यावर डाग ठेवून जाते. कॅरेटोमीटरवर, म्हणजे धातूचा कस दाखवणाऱ्या यंत्रावर, नाणं शाबूत राहतं, फक्त ते यंत्र वरवरचा थरच वाचतं. जाड मुलाम्याखालचं पितळ त्याला दिसणार नाही. म्हणून त्याचा कागद हातात आला तरी पाण्यातला आकडा सोबत ठेवा.

आणि १९१८च्या रुपयाची कडी काढायच्या फंदात पडू नका. डाग वितळवताना काठाचा ठसा जातो आणि उष्णतेने रंग पालटतो. कडीसह तो दागिना आहे, कडी काढल्यावर नुसतं बिघडलेलं नाणं उरेल. पाचही रुपये चिंच, पावडर, टूथपेस्ट असल्या कशानेही घासू नका. कोरड्या कागदी पाकिटात वेगवेगळे ठेवा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवलेत तर काही वर्षांनी त्यांवर हिरवट चिकट थर बसतो.